चाकाच्या जागी साखळी : बेंजामिन होल्ट यांची गोष्ट

डिचोली, सत्तरी, सांगे या खाणपट्ट्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना पोकलेनच्या चालकाची सकाळची फेरी ठाऊक असते. इंजिनाला हात लावण्यापूर्वी तो यंत्राभोवती एकदा फिरतो. चेनमध्ये अडकलेला लाल चिखल लोखंडी पहारीने काढतो, रोलरपाशी तेल झिरपले आहे का ते वाकून पाहतो, एखादा बोल्ट सैल वाटला तर तिथेच थांबतो. बकेटच्या पिनांना ग्रीस देतो. आठवड्या-पंधरवड्याने बूम जमिनीवर दाबून यंत्राची एक बाजू उचलतो आणि खालून लोंबणारी चेन किती सैल पडली आहे ते मोजतो. सैल असेल तर ग्रीस गनने ताणयंत्रात ग्रीस भरतो. फार ताठ असेल तर झडप जपून, हळूहळू उघडून थोडे ग्रीस सोडतो. सैल चेन उतरते आणि ताठ चेन झिजते, हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवलेले नसते.

पोकलेन हा शब्द आपल्याकडे एका फ्रेंच कंपनीच्या नावावरून रूढ झाला. त्या यंत्राखालची चेन मात्र फ्रान्समधून आलेली नाही. तिला बाजारात उभे करणारा माणूस अमेरिकेतील कॅलिफोर्नियाचा. त्याने आयुष्यात खोदयंत्र कधी बनवले नाही. तो मूळचा लाकडाचा आणि गाडीच्या चाकांचा व्यापारी. बेंजामिन होल्ट हे त्याचे नाव. चेनची कल्पना त्यांना सुचली तो दिवस प्रसिद्ध आहे. पण ती चेन वाळवंटात तुटू लागली तेव्हा त्यांनी जे केले ते फारसे सांगितले जात नाही, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांच्या आयुष्यातील मोलाचा भाग तोच आहे.

बेंजामिन होल्ट यांचा जन्म १ जानेवारी १८४९ रोजी अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू हॅम्पशायर राज्यात झाला. वडिलांची लाकूड कापण्याची गिरणी होती. गाड्या आणि बग्ग्या बनवणाऱ्या कारागिरांना लागणारे टणक लाकूड तेथून पुरवले जाई. थोरले बंधू चार्ल्स सोन्याच्या शोधाची लाट ओसरल्यावर कॅलिफोर्नियाला गेले. १८६९ मध्ये त्यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे स्वतःची पेढी काढली आणि पूर्वेकडून येणारे लाकूड व चाकांचे सुटे भाग ते विकू लागले. बेंजामिन बराच काळ मागेच, वडिलांच्या गिरणीत राहिले. लाकूड कोणत्या ऋतूत कापावे, किती दिवस वाळवावे, कोठे फाटते आणि कोठे तग धरते, हे ज्ञान त्यांना तेथे मिळाले.

या ज्ञानाचा कस पश्चिमेकडे लागला. न्यू हॅम्पशायरच्या दमट हवेत घडवलेले चाक कॅलिफोर्नियाच्या अंतर्भागातील कोरड्या उन्हात आकसत असे. आपल्याकडे बैलगाडी वापरलेल्या पिढीला हे समजावून सांगावे लागत नाही. लाकूड आकसले की आरे तुंब्यात खिळखिळे होतात, धाव सैल पडते, आणि भरलेली गाडी वाटेतच बसते. त्यावर होल्ट बंधूंनी काढलेला उपाय साधा होता. चाक जिथे चालायचे त्याच हवेत लाकूड वाळवायचे. १८८३ मध्ये बेंजामिन पश्चिमेला आले आणि सॅन वाकीन नदीच्या खोऱ्यातील स्टॉकटन या गावी स्टॉकटन व्हील कंपनी उभी राहिली. सॅन फ्रान्सिस्कोच्या धुक्यापासून दूर, उन्हाने तापणारे हे गाव त्यांनी निवडले ते तेथील कोरड्या हवेसाठी. तेव्हा बेंजामिन चौतीस वर्षांचे होते. हिशेब आणि विक्री चार्ल्स पाहत, कारखाना बेंजामिन यांच्याकडे होता.

सॅन वाकीनचे खोरे गव्हाचे. शेते इतकी विस्तीर्ण की कापणी व मळणी एकत्र करणारी अवजड यंत्रे ओढण्यासाठी वीस, तीस, कधी चाळीस घोडे किंवा खेचरे जुंपावी लागत. यंत्राच्या चाकापासून आतल्या पात्यांपर्यंत शक्ती पोहोचवण्याचे काम दातेरी चक्रे करीत, आणि दाता तुटला की ऐन सुगीत सारा फड खोळंबे. १८८६ मध्ये होल्ट यांनी आपले हार्वेस्टर बाजारात आणले. त्यात दातेरी चक्रांच्या जागी जोडकड्यांची साखळी होती. धक्का बसला की साखळी थोडी देते. तुटलीच तर एक कडी बदलून काम पुढे चालते, आणि ते शेताच्या बांधावरही करता येते. दुरुस्तीचा विचार यंत्राच्या रचनेतच झालेला होता. पुढे डोंगर उतारावर कापणी करणारे हार्वेस्टरही त्यांनी बनवले. कारखाना वाढत गेला आणि १८९२ मध्ये होल्ट मॅन्युफॅक्चरिंग कंपनी हे नाव त्याला मिळाले.

१८९० मध्ये त्यांचे पहिले वाफेवरचे कर्षण इंजिन तयार झाले होते. त्याचे वजन ४८ हजार पौंड होते. टणक जमिनीवर ते उत्तम चाले. पण स्टॉकटनच्या पश्चिमेला नद्यांच्या मुखाजवळ जो त्रिभुज प्रदेश आहे, तेथील माती वेगळीच. शतकानुशतके कुजलेल्या पाणवनस्पतींची ती काळी, हलकी, स्पंजासारखी भूमी. बांध घालून तिची बेटे पाण्यातून सोडवली होती. ते बांध घालण्यात चिनी मजुरांचे कष्ट मोठे होते. आपल्याकडील खाजन जमिनीचा चिखल पायाखाली आलेल्यांना या मातीची थोडी कल्पना येईल, जरी ही माती खारी नाही आणि तिची सुपीकता विलक्षण. तिच्यात घोड्याचा खूर रुतू नये म्हणून त्याला रुंद पाट बांधावे लागत. मग चोवीस टनांच्या इंजिनाचे काय होणार?

होल्ट यांचा पहिला उपाय हट्टी होता. चाके रुंद करायची. सहा फुटांची झाली, एकाशेजारी दुसरे, दुसऱ्याशेजारी तिसरे अशी जोडली गेली, आणि अखेर एका ट्रॅक्टरची एकूण रुंदी ४६ फुटांपर्यंत गेली. असे यंत्र कोणत्याही पुलावरून जाईना, वळवणे जिकिरीचे, आणि चाकाचा आस तुटला तर दुरुस्ती म्हणजे सणाएवढा खटाटोप.

जमिनीवर स्वतःच रस्ता अंथरत जाणाऱ्या यंत्राची कल्पना तेव्हा नवी नव्हती. इंग्लंड-अमेरिकेत तिची पेटंटे होती. मेन राज्यातील अल्विन लोंबार्ड यांनी बर्फावरून ओंडके ओढणाऱ्या वाफेच्या यंत्राचे पेटंट १९०१ मध्ये घेतले होते आणि ती यंत्रे प्रत्यक्ष चालतही होती. इंग्लंडमधील हॉर्न्सबी कंपनीत डेव्हिड रॉबर्ट्स याच दिशेने काम करीत होते. म्हणून चेनचा जनक हे बिरुद एकट्या होल्ट यांना देणे न्यायाचे होणार नाही. अशा प्रयोगांची माहिती ते मिळवीत होते, आणि पुढे हॉर्न्सबीची पेटंटे त्यांच्याच कंपनीने विकत घेतली.

२४ नोव्हेंबर १९०४. अमेरिकेत तो आभाराचा सण, कामाला सुट्टी. स्टॉकटनजवळच्या रॉबर्ट्स बेटावर होल्ट यांनी आपले वाफेचे इंजिन क्रमांक ७७ उभे केले. मागची दोन्ही चाके काढून त्या जागी साखळ्यांवर बसवलेल्या लाकडी पट्ट्यांचे फिरते पट्टे लावले होते, सुमारे ९ फूट लांबीचे. ज्या मातीत माणसाचा पाय घोट्यापर्यंत जाई, तिच्यावरून ते यंत्र न रुतता गेले. आता यंत्राचा भार चाकाखालच्या चिंचोळ्या पट्टीवर न येता नऊ फूट लांबीच्या पट्ट्यावर पसरत होता. पट्टे लाकडाचे होते याचे आश्चर्य वाटू नये. पस्तीस वर्षे लाकडात गेलेला माणूस पहिला प्रयोग लाकडातच करणार. त्या यंत्राची छायाचित्रे घ्यायला आलेल्या चार्ल्स क्लेमंट्स यांना त्याची चाल सुरवंटासारखी दिसली आणि तेच नाव होल्ट यांनी उचलले, असे सांगितले जाते. सुरवंट म्हणजे इंग्रजीत कॅटरपिलर. १९१० मध्ये ते व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले गेले.

पहिला चेनवाला वाफेचा ट्रॅक्टर १९०६ मध्ये लुइझियानातील पाणथळ जमिनीसाठी ५,५०० डॉलरना विकला गेला. वाफेचे बॉयलर जड, पाणी आणि सरपण सतत मागणारे. म्हणून पेट्रोलवरच्या इंजिनांचे काम स्टॉकटनमध्ये सुरू झाले, आणि १९०८ च्या सुमारास तसे ट्रॅक्टर बाहेर पडू लागले. याच काळात शेजारच्या सॅन लिआन्ड्रो गावचे प्रतिस्पर्धी डॅनिअल बेस्ट यांच्याशी पेटंटवरून कोर्टकचेरी चालली होती. १९०८ मध्ये होल्ट यांनी बेस्ट यांचा कारखानाच विकत घेऊन तो वाद मिटवला. बेस्ट यांचा मुलगा सी. एल. बेस्ट मात्र लवकरच बाहेर पडला, त्याने स्वतंत्र कारखाना काढला आणि तो होल्ट यांचा सर्वांत चिवट स्पर्धक ठरला.

याच वर्षी एक मोठे काम चालून आले. लॉस एंजेलिस शहर २३३ मैलांवरून, ओवेन्स खोऱ्यातून पाणी आणणार होते. मुख्य अभियंता विल्यम मलहॉलंड. कालवा, बोगदे आणि पोलादी नळ मोहावीच्या वाळवंटातून न्यायचे होते. सामान वाहण्यासाठी शहराने होल्ट यांचे २८ ट्रॅक्टर घेतले. नव्या यंत्राला इतकी मोठी एकगठ्ठा मागणी आणि एवढे प्रसिद्ध काम कारखानदाराला वारंवार मिळत नाही.

ओल्या, मऊ मातीसाठी जन्मलेली चेन आता वाळूत उतरली. इथे यंत्राची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. चेन म्हणजे कड्यांची माळ. दोन कड्यांना जोडणारी पिन, आणि पिनेभोवती बुश. चेन फिरते तेव्हा प्रत्येक पिन आपल्या बुशमध्ये किंचित वळते. त्या फटीत वाळूचे बारीक कण शिरले की ते कानशीचे काम करतात. एकेका जोडीतून लोखंडाचा केसभर भाग गेला तरी चाळीस जोडांची चेन बोटभर लांबते. लांबलेल्या चेनच्या कड्या स्प्रॉकेटच्या दात्यांत नीट बसत नाहीत. दाते टोकदार होत जातात, टोकदार दाते बुश आणखी खातात. एकाची झीज दुसऱ्याची झीज वाढवते. म्हणूनच आजचा चांगला फोरमन चेन, रोलर, आयडलर आणि स्प्रॉकेट यांची झीज वेगवेगळी नव्हे, एकत्र मोजतो. बुश एका बाजूने झिजले की संपूर्ण चेन फेकून न देता पिना-बुश अर्धा फेर फिरवून पुन्हा बसवण्याची जुनी रीतही त्यातूनच आली. आपल्याकडे जांभ्याच्या आणि लोहखनिजाच्या धुळीने होणारी झीज याच जातीची. पावसाळ्यात त्या धुळीचा चिखल होतो, स्प्रॉकेटमध्ये गच्च भरतो आणि चेन आतून ताठ करतो.

मोहावीत हे सारे एकाच वेळी घडले. ओतीव लोखंडाची दातेरी चक्रे वाळूने घासून निकामी होऊ लागली. भारी ओझ्यांनी निलंबनाच्या स्प्रिंगा मोडल्या. चढावर सारा वेळ खालच्या गिअरमध्ये चालवावे लागल्याने गिअरपेट्या जळाल्या. जवळचा कारखाना शेकडो मैल दूर. ट्रॅक्टर कामापेक्षा उभेच अधिक राहू लागले आणि दुरुस्तीचा खर्च वाढत गेला. अखेर ओढणीचे बरेच काम पुन्हा खेचरांकडे गेले. प्रचंड पोलादी नळ बावन्न बावन्न खेचरांच्या जोडणीने खेचल्याची छायाचित्रे आजही प्रसिद्ध आहेत. काम संपल्यावर शहराच्या अहवालात होल्ट यांचे ट्रॅक्टर हीच एक खरेदी असमाधानकारक ठरल्याची नोंद झाली. यंत्राचे भविष्य सांगत फिरणाऱ्या माणसाला यापरता अपमान कोणता?

होल्ट यांनी त्या नोंदीची वाट पाहिली नव्हती. मोहावीला त्यांनी विक्रीचे गिऱ्हाईक न मानता परीक्षागृह मानले, असे त्यांच्या पुढच्या वर्तनावरून दिसते. कारखान्यातील माणसे वाळवंटातील कामाच्या छावण्यांत पाठवून तेथेच देखभालीची व्यवस्था उभी केली. काय मोडले, कुठे मोडले, याचे वृत्त स्टॉकटनला येई आणि बदल काही कारखान्यात, काही थेट वाळूत बसून केले जात. ओतीव लोखंडाची चक्रे पोलादाची झाली. स्प्रिंगा आणि गिअरपेट्या सुधारल्या. ज्या ग्राहकाने नावे ठेवली त्याच्याच पैशाने पुढचा ट्रॅक्टर घडत होता. यात धूर्तपणा होता असे कोणी म्हणेल, आणि ते अगदीच खोटे नाही. लॉस एंजेलिसच्या करदात्यांना अशा परीक्षेत बसायचे होते का, हे कोणी विचारले नव्हते. पण पुष्कळ कारखानदारांनी त्या वेळी दोष चालकावर आणि वाळूवर ढकलून हात झटकले असते, हेही तितकेच खरे.

पुढचा इतिहास वेगाने घडला. पुतणे प्लिनी होल्ट यांनी १९०९ मध्ये इलिनॉय राज्यातील ईस्ट पिओरिया येथील एक बंद पडलेला कारखाना मिळवला आणि कंपनी देशाच्या मध्यभागी पोहोचली. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा वाळवंटात शिकलेला ट्रॅक्टर युरोपच्या चिखलात उतरला. दोस्त राष्ट्रांच्या सैन्याने अवजड तोफा ओढण्यासाठी होल्ट ट्रॅक्टर मोठ्या प्रमाणावर घेतले. रणगाड्याच्या कल्पनेशीही त्यांचे नाव जोडले जाते. ब्रिटिश अधिकारी अर्नेस्ट स्विंटन यांना या ट्रॅक्टरची पहिली माहिती एका खाण अभियंता मित्राच्या पत्रातून मिळाली होती. फ्रेंचांचा पहिला रणगाडा होल्टच्या साटाच्या आधारे बनला. इंग्रजांनी मात्र आपली चेन स्वतंत्रपणे घडवली, त्यामुळे होल्ट यांनी रणगाडा शोधला हे विधान बरोबर नाही. एप्रिल १९१८ मध्ये स्विंटन मुद्दाम स्टॉकटनला आले आणि गावासमक्ष त्यांनी होल्ट यांचे आभार मानले. त्या वेळी होल्ट एकोणसत्तर वर्षांचे होते.

युद्धाने दिले तसे युद्ध संपताच काढूनही घेतले. कारखान्यात सैन्याच्या गरजेची अवजड यंत्रे पडून राहिली. त्यातच सरकारने वापरलेले ट्रॅक्टर विकायला काढले. शेतकऱ्याला हवा होता लहान ट्रॅक्टर, आणि तो सी. एल. बेस्ट बनवीत होते. कर्जाचा भार वाढत असताना, ५ डिसेंबर १९२० रोजी स्टॉकटन येथे बेंजामिन होल्ट यांचे निधन झाले. पाच वर्षांनी, १९२५ मध्ये, एकमेकांशी झगडून थकलेल्या होल्ट आणि बेस्ट या दोन्ही कंपन्या एकत्र आल्या आणि कॅटरपिलर ट्रॅक्टर कंपनी जन्मली. तिचा मुक्काम पुढे पिओरियाला गेला. स्टॉकटनचे वैभव ओसरले.

खोदयंत्र आणि चेन यांची गाठ याच काळात पडली. वाफेचे फावडे अमेरिकेत विल्यम ओटिस यांनी १८३०च्या दशकातच बनवले होते, परंतु ते रुळांवर चाले. पुढे खोदायचे तर आधी पुढे रूळ टाकायचे, त्यासाठी वेगळी मजुरांची टोळी लागे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत निरनिराळ्या कारखान्यांनी फावड्याखाली चेन बसवली आणि रुळांची टोळी घरी गेली. होल्ट यांच्या कंपनीच्या वारसदारांनी स्वतःचे हायड्रॉलिक खोदयंत्र मात्र १९७२ मध्येच बाजारात आणले. सील लावून आत तेल कोंडलेल्या, वाळूला पिनेपर्यंत पोहोचू न देणाऱ्या चेनचे युगही त्याच दशकातले. मोहावीच्या प्रश्नाला पुरते उत्तर मिळण्यास साठ-पासष्ट वर्षे लागली, आणि तरीही सकाळची फेरी सुटलेली नाही. सील फाटते, तेल झिरपते, चिखल साचतो. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये गोव्याच्या खाणी थांबल्या, तेव्हा महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या यंत्रांच्या मालकांना आणखी एक गोष्ट कळली. न चालणारी चेनही खराब होते. सांध्यांत पाणी मुरते, पिना गंजून जखडतात आणि पहिल्याच दिवशी कड्या ताठ राहतात.

स्टॉकटनमध्ये हॅगिन नावाचे एक वस्तुसंग्रहालय आहे. तेथे होल्ट यांचे जुने हार्वेस्टर आणि ट्रॅक्टर जपून ठेवले आहेत. गव्हाच्या शेतातले आणि चिखलातले ते लोखंड आता छपराखाली, कोरड्या हवेत उभे आहे. होल्ट बंधूंनी चाकांचे लाकूड वाळवण्यासाठी निवडली ती हीच हवा.